तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) पाच महिन्याच्या झाल्या तरी अंडं नाही, खाद्य चुकतंय का?

बोरीकाठचा

नमस्कार मंडळी, पारोळा तालुक्यातला आहे. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर आठवडाभराने गाडीवाल्याकडून एक दिवसाची २० पिलं घेतली होती, गिरीराज जातीची म्हणून दिली त्याने, त्यातली १६ राहिली, दोन कोंबडे निघाले बाकी १४ माद्या. आणि साधारण त्याच वेळेला आईच्या गावरान कोंबडीखाली निघालेल्या ६ तलंगा आहेत. आता घट बसले म्हणजे धरून चाला २० आठवडे झाले सगळ्यांना. एकही अंडं नाही अजून.

शेजारच्या गल्लीत एकाकडे पांढऱ्या कोंबड्या आहेत त्या १८ व्या आठवड्यातच अंड्यावर आल्या, त्यामुळे घरात रोज विषय निघतो. बायकोने बचत गटातून पैसे उचलून हे केलंय, हप्ता सुरू झालाय, तिला झोप नाही. ती पहाटे उठून आधी खुराड्यात हात घालून बघते, मला ते बघवत नाही.

खाद्याचं सांगतो. पहिले दोन महिने स्टार्टर, म्हणजे पिलांचं खाद्य दिलं. मग दुकानदार म्हणला ग्रोवर-बिवर (वाढीच्या वयाचं खाद्य) काही घेऊ नका सरळ लेअर (अंड्यावरच्या कोंबडीचं) चालू करा अंडी लवकर येतील, म्हणून तेव्हापासून लेअर मॅश चालू आहे, पोतं महाग पडतं म्हणून त्याच्यात दादर (रब्बी ज्वारी) आणि बाजरी मिसळतो, आणि म्हशीची भिजवलेली सरकी ढेप उरली तर तीही टाकतो, आवडीने खातात. दिवसभर खळ्यात मोकळ्या असतात, संध्याकाळी आत. एक तलंग मागच्या आठवड्यात मेली, दोन दिवस नुसती पंख सोडून बसली होती, हगवण पांढरी चुन्यासारखी. लस फक्त पहिल्या महिन्यात दोन वेळा डोळ्यात थेंब टाकले तेवढीच.

आता मित्र म्हणतो बाजारातून चालू अंड्यावरच्या पाच-सहा कोंबड्या आण म्हणजे घरात अंडी तरी दिसतील. काय करू? नेमकं किती दिवसांनी अंड्यावर येतात आणि काय खायला घालायचं, ज्यांनी स्वतः पाळल्यात त्यांनीच सांगा.

चोपड्याची ताई

भाऊ आधी वहिनींना सांगा उशीर झालेला नाहीये. पांढरी लेगहॉर्न ही अंड्यासाठीच तयार केलेली जात, ती १८ ते २० आठवड्यात येते, तिच्याशी तुमच्या तलंगांची बरोबरी लावूच नका. गिरीराज, वनराज ह्या साडेपाच-सहा महिन्याला येतात आणि गावरान तर सहा महिने, कधी सात. आमच्याकडे एक सात महिने उलटल्यावर आली होती आणि नंतर तीच सगळ्यात चांगली निघाली.

कॅलेंडर बघण्यापेक्षा कोंबडी बघा. आमनी माय म्हने, तुरा लाल व्हयना, कोंबडी कोपरामा जाई बसनी, का मंग आठ दिनमा अंडं. आणि ते खरंच आहे. आधी तुरा फिकट गुलाबी आणि बारका असतो, मग आठ-दहा दिवसात भरतो, लालभडक होतो, गळ्याखालचे लोळे पण. मग ती कोपरे शोधायला लागते, टोपल्यात डोकावते, कोंबड्यामागे फिरते, आवाज बदलतो. आणि तुम्ही जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला की पळायच्या ऐवजी पंख थोडे पसरून खाली दबून बसते. एवढं दिसलं की आठ-पंधरा दिवस धरा.

साक्रीकर पशुधन

ताईंनी बरोबर सांगितलंय, मी खाद्याचं बोलतो कारण तिथं तुमची मोठी चूक चालू आहे आणि ती आजच थांबवा.

लेअर खाद्य म्हणजे नुसतं जास्त ताकदीचं खाद्य असं नसतं. त्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं कारण अंडं घालणाऱ्या कोंबडीला कवचासाठी ते लागतं. ग्रोवरमध्ये ते एक टक्क्याच्या आसपास. वाढीच्या वयातली तलंग अंडं घालतच नाही तर तिने ते चौपट कॅल्शियम टाकायचं कुठे? ते सगळं मूत्रपिंडावर येतं. मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्याकडे पहिल्या लॉटला ८० पक्षी होते, मलाही असंच एका ठिकाणी सांगितलं गेलं होतं आणि मी दहाव्या आठवड्यापासून लेअर चालू केलं, १७ व्या आठवड्यापासून एकेक मरायला लागली, अशीच पंख सोडून बसायची. तिसरी मेली तेव्हा डॉक्टरांकडे घेऊन गेलो, त्यांनी माझ्यासमोर उघडून दाखवली, लिव्हरवर आणि हृदयावर खडूची पूड भुरभुरल्यासारखा पांढरा थर होता आणि मूत्रपिंड सुजून नेहमीच्या दुप्पट झालेलं. गाऊट म्हणतात त्याला. त्या दिवशी जे वाटलं ते अजून विसरलो नाही, कारण मी हाताने पैसे मोजून ते खाद्य आणलं होतं. ११ गेल्या तेव्हा.

तुमची मेलेली तलंग त्यानेच गेली असं मी इथे बसून म्हणणार नाही, पांढरी हगवण दुसऱ्याही रोगात होते. पुढची आजारी पडली तर वाट न बघता पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि मेली तर पुरायच्या आधी उघडून बघायला सांगा, ते करतात.

आता काय करायचं. पोत्यातलं लेअर आहे ते फेकू नका, बांधून कोरड्या जागी ठेवा, महिन्याभरात लागेलच. ग्रोवर आणा आणि एकदम बदल न करता पाच-सहा दिवसात हळूहळू बदला. ग्रोवरमध्ये प्रथिनं १६ टक्क्याच्या आसपास असतात ती ह्या वयाला बरोबर आहेत. दादर आणि बाजरी चांगलीच आहे पण मूठभर, संध्याकाळी, कारण धान्यात प्रथिनं १० टक्क्याच्या आसपास असतात आणि तुम्ही मॅशमध्ये अर्धं धान्य मिसळलं की कोंबडी पोट भरून उपाशी राहते, वजन धरत नाही आणि अंडं लांबतं. पहिल्या तीन-चार तलंगांचे तुरे लाल झाले, एखादं अंडं दिसलं की मग लेअर चालू करा, परत हळूहळू. गावरान मागे राहतील तोवर, त्यांच्यासाठी वेगळं खाद्य करणं घरगुती पातळीवर जमत नाही, म्हणून मी असं करतो की ग्रोवरच थोडे दिवस चालू ठेवतो आणि शिंपल्याचा चुरा, दुकानात शेलग्रीट म्हणतात तो, वेगळ्या भांड्यात ठेवतो. ज्या कोंबडीला कवच बनवायचंय ती बरोबर जाऊन खाते, बाकीच्या तिकडे फारसं बघत नाहीत. तो चुरा मक्याच्या दाण्याएवढा जाडसर घ्या, पीठ नको. आणि कृपा करून त्याच्याऐवजी पानाचा किंवा भिंतीचा चुना टाकू नका, तो भाजतो आतून.

संध्याकाळी ठेवलं तर जास्त चांगलं. अंडं पोटात तयार व्हायला साधारण २५ तास लागतात आणि त्यातले २० तास तर कवच चढायलाच जातात, त्यातलं बरंचसं काम रात्री होतं. रात्री पोटात कॅल्शियम नसेल तर ती स्वतःच्या हाडातलं काढते. एका कवचात दोन ग्रॅम कॅल्शियम जातं भाऊ, सव्वा-दीड किलोच्या जिवाला रोज-दिवसाआड एवढं द्यायचं म्हणजे काय ते बघा.

रावेर केळीवाला

सरकी ढेप बंद करा!! कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. आपल्या कपाशीच्या पट्ट्यात हे घराघरात होतं. ढेपीत गॉसिपॉल नावाचा विषारी पदार्थ असतो, म्हशीला पोटात जिरतो पण कोंबडीला नाही जिरत. वजन धरत नाहीत आणि अंड्यावर आल्यावर बलक खराब होतो. माझ्या मावशीची अंडी गिऱ्हाईक परत आणून द्यायचं, ताजी फोडली तर ठीक आणि आठ-दहा दिवस ठेवून फोडली की बलक हिरवट-तपकिरी, लोक म्हणायचे सडकी दिली. ढेपीतला तो पदार्थ बलकातल्या लोहाशी जुळतो म्हणून रंग तसा होतो. ढेप बंद केली, काही आठवड्यात बलक नीट झाला. पण गिऱ्हाईक जे तुटलं ते तुटलं.

आणि मका घेताना हातात घेऊन वास घ्या. पावसात भिजलेला, कोंबाजवळ निळसर बुरशी आलेला मका स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, कितीही वाळवला तरी त्यातलं विष जात नाही, लिव्हर खराब होतं.

बोरीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. साक्रीकर दादा तुमचं वाचून पोटात गोळा आला. लेअर आजच बांधून ठेवलं, ढेप पण बंद.

दोन गोष्टी विचारतो. वजन किती असायला पाहिजे? आणि घरी खाद्य बनवता येईल का, मका शेतात आहे आमच्या. लाईटचं पण ऐकलं की रात्रभर बल्ब लावला तर लवकर अंडी देतात, खरं आहे का? बाजारातल्या कोंबड्यांचं कोणी बोललं नाही.

अमळनेर बॅकयार्ड

हो बल्ब लावा, मी लावतो, फरक पडतो. रात्रभर ६० चा बल्ब.

साक्रीकर पशुधन

अमळनेरचे भाऊ राग मानू नका पण रात्रभर नको. उजेडाचा फरक पडतो हे खरं आहे, कोंबडीच्या डोळ्यातून आणि कवटीतून उजेड मेंदूपर्यंत जातो आणि तिथून अंडाशयाला निरोप जातो. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाचा उजेड धरून १४ ते १६ तास पुरे. रात्रभर लावला तर तिला झोप नाही, एकमेकींची पिसं उपटतात, गुदद्वार टोचतात, रक्त निघालं की बाकीच्या तुटून पडतात.

इथे बोरीकाठच्या भाऊंच्या बाबतीत एक गोष्ट आहे. आखाजीची पिलं वाढतात तेव्हा दिवस मोठा असतो, जूनमध्ये आपल्याकडे साडेतेरा तासाच्या जवळ, आणि नेमक्या अंड्यावर यायच्या वेळेला दिवाळीकडे दिवस लहान होत जातो, डिसेंबरात तर ११ तासाच्या आत. त्यामुळे ह्या लॉटला पंधरा-वीस दिवस उशीर होणं अगदी साहजिक आहे. दिवाळीच्या पुढेमागे पिलं काढली तर उलट होतं, ती वाढत्या उजेडात तयार होतात. तर बल्ब लावायचाच असेल तर आत्ता नको, अंगाने भरू द्या, तुरे लाल झाल्यावर मग दर आठवड्याला अर्धा तास असं वाढवत न्या, आणि संध्याकाळी वाढवण्यापेक्षा पहाटे लावा. संध्याकाळी बल्ब एकदम गेला की त्या आहे तिथेच अडकतात, दांडीवर चढत नाहीत. पहाटेचा असला की उजाडतं आपोआप. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून ठरवा, एक दिवस आहे एक दिवस नाही असं झालं तर न लावलेला बरा. उजेड पेपर वाचता येईल एवढा पुरे.

वजन. गिरीराजची मादी अंड्यावर येताना दोन किलोच्या आसपास असते, गावरान सव्वा किलोच्या आसपास. काट्यावर घाला, पिशवीत घालून ताणकाट्याने होतं पाच मिनिटात, वजन लिहून ठेवा. आणि उलटं पण आहे, गिरीराज-वनराज खादाड असतात, पुढ्यात दिवसभर भरलेलं भांडं ठेवलं तर चरबी धरतात आणि चरबी धरलेली कोंबडी अंडी देत नाही, कधी अंडं अडकून मरते. मोकळ्या फिरणाऱ्यांना आत्ता ५०-६० ग्रॅम खाद्य आणि बाकी खळं-उकिरडा-किडे. अंड्यावर आल्या की पूर्ण बंदिस्तला ११० ते १२० ग्रॅम लागतं, मोकळीला बाहेर किती मिळतं त्यावर. संध्याकाळी पोटळी (खाल्लेलं आधी साठतं ती पिशवी) चाचपून बघा, छातीच्या वर उजव्या अंगाला, भरलेली लागली तर पुरतंय.

आणखी एक तपासणी सांगतो, तलंग काखेत धरा, तोंड मागे, शेपटीखाली अंडं येतं तिथे दोन्ही बाजूला दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यात एकच बोट बसत असेल आणि हाडं कडक असतील तर अजून वेळ आहे. दोन बोटं बसली, हाडं लवचिक लागली, आणि ती जागा कोरडी-पिवळट न राहता ओलसर-गुलाबी झाली की आलीच.

शहादा आप्पा

घरच्या खाद्याचं मी सांगतो, सहा वर्षं बनवतोय. हे अंड्यावरच्या कोंबडीचं आहे, आत्ताचं नाही. १०० किलोला मका भरडा ५२, सोयाबीन पेंड २४, तांदळाचा कोंडा १२, शिंपला किंवा चुनखडी ९, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) दीड, आणि उरलेल्या दीड किलोत मीठ तीन-साडेतीनशे ग्रॅम, मिनरल मिक्स्चर, व्हिटॅमिन, मेथिओनिन. प्रथिनं १७ च्या जवळ जातात. सोयाबीन पेंड म्हणजे तेल काढलेली, घरचं कच्चं सोयाबीन दळून टाकू नका, कच्च्याने प्रथिनं पचत नाहीत, टाकायचंच तर चांगलं भाजून. मीठ हाताने टाकू नका, तोलून टाका. आणि पंधरा दिवस पुरेल एवढंच बनवा, कोंडा खवट होतो.

तुमच्या २० पक्ष्यांना तर मी म्हणेन आत्ता तयार खाद्यच घ्या आणि खर्च वाचवायला हिरवं द्या, शेवग्याचा पाला, मेथीघास, कोथिंबिरीच्या काड्या, बलक पण पिवळाधमक होतो. ॲझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती) केला तर अजून चांगलं.

पाणी कोणी लिहिलं नाही. खातात त्याच्या दुप्पट पितात आणि चैत्र-वैशाखात तिप्पट-चौपट. अंडं म्हणजे तीन चतुर्थांश पाणीच. आपल्याकडे ४४-४५ ला जातं तेव्हा दुपारी तोंड उघडून धापा टाकतात, खात नाहीत, कवच पातळ येतं. तेव्हा मी माठाचं पाणी, तेही दिवसातून तीनदा बदलून, आणि खाद्य फक्त पहाटे आणि दिवस कलल्यावर. खुराड्यावर उसाचं पाचट, बाजूला ओले बारदान. काळं प्लास्टिकचं भांडं उन्हात ठेवून त्यात पाणी म्हणजे ते पाणीच नाही.

नवापूरचा

बाजारातल्या कोंबड्या आणू नका. एवढंच सांगायला लॉगिन झालोय.

२००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात निघाला, मी तेव्हा शाळेत होतो, घरच्या नऊ कोंबड्या माझ्यासमोर नेल्या. २०२१ ला परत तेच. तेव्हापासून आमच्याकडे बाहेरचा पक्षी आला की अंगावर काटा येतो. तो रोग रोज येत नाही पण राणीखेत, ज्याला आपण मानमोडी म्हणतो, ती बाजारातून रोज येते. तिथे दहा गावच्या कोंबड्या एका डालग्यात कोंबलेल्या असतात. वरून धडधाकट दिसते आणि चौथ्या दिवशी तुमच्या सगळ्या माना वाकड्या. शिवाय अंड्यावरची कोंबडी जागा बदलली की तशीही अंडी बंद करते पंधरा दिवस-महिना, मग उपयोग काय? आणायचीच झाली तर तीन आठवडे वेगळी, वेगळं भांडं, आधी आपल्यांना खाऊ घालायचं मग तिला.

आणि लस! तुम्ही फक्त डोळ्यात थेंब टाकलेत, ते लासोटा (मानमोडीची पहिली लस) आणि गंबोरो रोगाची लस असणार. आठ-दहा आठवड्याला पंखाखाली मानमोडीची आरटूबी नावाची सुई द्यायची असते आणि देवीची लस. ती राहिलीय तुमची. अंड्यावर यायच्या आत, म्हणजे आत्ताच, दवाखान्यात जाऊन विचारा. आधी जंताचं औषध, मग आठ-दहा दिवसांनी लस. अंडी चालू झाल्यावर ती सुई दिली तर अंडी घसरतात.

चोपड्याची ताई

नवापूरच्या भाऊंचं शंभर टक्के बरोबर.

वहिनींसाठी एक, अंड्यांची जागा आत्ताच करून ठेवा, नाहीतर पहिली अंडी काट्यात घालतील आणि तुम्ही म्हणाल नाहीच देत. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं, फूटभर लांब-रुंद, अंधाऱ्या बाजूला, आत गव्हाचा भुसा. सुरुवातीची अंडी ३५-४० ग्रॅमची, कधी कवच मऊ, कधी दोन बलक, घाबरू नका, महिन्याभरात बसतं. गावरान वर्षाला ६०-७० च देईल आणि मधे खुडूक होईल (अंडी बंद करून उबवायला बसेल), पण पिलं काढायला तीच, गिरीराज बसत नाही.

बोरीकाठचा

आज वीस दिवसांनी लिहितोय. जंताचं औषध झालं, लस झाली, सगळ्या तरल्या. वजन केलं तेव्हा गिरीराज दीड-पावणेदोन किलो निघाल्या होत्या म्हणजे मागेच होत्या, धान्य जास्त झालं होतं. ग्रोवरवर आता पाच जणी दोन किलोच्या पुढे आहेत, तुरे लाल. बायको रोज दोन बोटं लावून बघते आणि वहीत लिहिते, तुमच्या सगळ्यांची नावं पण लिहिलीत तिने.

आणि काल दुपारी म्हशीच्या गव्हाणीत कडब्याखाली अंडं सापडलं. ३८ ग्रॅम. एका टोकाला कवच थोडं खरबरीत. खोकी केलीत पण तिकडे कोणी जात नाही, आज पण तीच तलंग गव्हाणीत शिरत होती, काय करावं?

चोपड्याची ताई

अरे वा!! वहिनींचं अभिनंदन सांगा.

ते अंडं खाऊ नका, वरून पेन्सिलने खूण करा आणि खोक्यात भुशावर ठेवा, दुसरीला ते दिसलं की ती तिथे बसते. नसेल ठेवायचं तर पांढरा गुळगुळीत गोटा ठेवा बोरी नदीतला. गव्हाणीतला कडबा चार दिवस दुपारपर्यंत काढून टाका, आणि तलंगा सकाळी दहा-अकरापर्यंत आतच ठेवा, अंडी बहुतेक तेवढ्या वेळात देतात. ती परत गव्हाणीकडे गेली तर हळूच उचलून खोक्यात ठेवा आणि वर गोणपाट सोडा, अंधार झाला की बसते.

शिंपल्याचं भांडं ठेवलंय ना? लेअर आता उघडा.